रेड होतं की यलो?

आधीच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी दहावीपर्यंत होतं, पण ते पेपरपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मला नका, मराठी विभागाच्या संपादकांना धरा. त्यांनीच मला कॅन्टीनमध्ये गाठून, माझ्याच प्लेटमधला एक वडा खाऊन, हा लेख माझ्या गळ्यात मारला. कशावर लिहू असं विचारलं, तर म्हणाले की गेला महिनाभर ज्या विषयावर सगळ्यांचं डोकं खातोयस त्यावरच लिही.

तर मंडळी, विषय आहे फाऊल. म्हणजे माझाच फाऊल.

जे त्या दिवशी लायब्ररीत होते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंटर-डिपार्टमेंट फुटबॉलची फायनल, मेकॅनिकल विरुद्ध सिव्हिल. आम्ही १-० ने पुढे. शेवटची सहा-सात मिनिटं उरलेली. मी मेकचा राइट बॅक. सिव्हिलचा लेफ्ट विंगर मला चकवून आत घुसला, मी बाजूने स्लाइड मारली आणि तो पडला. रेफरी सरांनी शिट्टी वाजवली, खिशात हात घातला आणि यलो कार्ड काढलं. त्यांची फ्री किक वाया गेली, आम्ही मॅच जिंकलो, ढोल-ताशे वाजले. सिव्हिलचा विंगर मात्र दोघांच्या खांद्यांवर हात टाकून एका पायावर बाहेर गेला. घोट्याचं लिगामेंट. सहा आठवडे प्लॅस्टर.

आणि हा विंगर म्हणजे कोणी परका नाही. आम्ही दोघं केजीपासून एकाच शाळेत, एकाच रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात, एकाच दांड्यावर बसून गेलो आहोत.

त्या रात्रीपासून हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन पक्ष पडले. रेड पक्ष आणि यलो पक्ष. रेड पक्षाचं म्हणणं, माझे स्टड्स वर होते आणि स्पीड बघता मला सरळ बाहेर काढायला हवं होतं. यलो पक्षाचं म्हणणं, मी बॉलसाठीच गेलो होतो. मग उपप्रश्न निघाले. बॉलला पाय लागला होता का? मी शेवटचा डिफेंडर होतो की मागे कव्हर होतं? तो मोडला म्हणून रेड म्हणताय का, नसता मोडला तर म्हणाला असतात का? आमचा स्टॉपर कोल्हापूरचा. तिकडे तालमी-तालमींचा फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अख्खं गाव दोन भागांत विभागतं, असं तो अभिमानाने सांगतो. त्यामुळे फुटबॉलमधला शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची समजूत. त्याने निकाल दिला की कोल्हापुरात याला फाऊलसुद्धा म्हणत नाहीत. रेड पक्षाने हा पुरावा फेटाळला.

यलो पक्षाचा प्रमुख वक्ता अर्थातच मी. मिठाची डबी म्हणजे मी, लोणच्याची बाटली म्हणजे विंगर, चमचा म्हणजे रेफरी सर. असं टेबलावर मांडून मी रोज रात्री तो सीन समजावून सांगत असे. आणखी मुद्दे हवेत म्हणून मी नियम वाचायला घेतले. नियमांवरून कार्ड कोणी काढलं या प्रश्नावर आलो, आणि तिथे मला केन ॲस्टन भेटले. भेटले ते माझ्या बाजूने साक्ष द्यायला, असं मला वाटलं होतं.

केनेथ जॉर्ज ॲस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१५ चा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या कोलचेस्टर गावचा. एक्झिटरच्या सेंट ल्यूक्स कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. १९३६ मध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा फार मोठे नसतानाच, त्यांनी रेफरीची परीक्षा दिली. विचार करा, एकवीस वर्षांच्या मुलाला फुटबॉल खेळण्याऐवजी शिट्टी वाजवावीशी वाटते! आपल्याकडे रेफरी कोण होतं? ज्याला कुठल्याच टीममध्ये घेतलेलं नसतं तो. ॲस्टन मात्र ठरवून रेफरी झाले आणि खालच्या लीगपासून एकेक पायरी चढत वर गेले.

मध्ये दुसरं महायुद्ध आलं. त्यांना रॉयल एअर फोर्समध्ये जायचं होतं, पण घेतलं नाही. कारण काय, तर घोट्याला झालेली जुनी दुखापत. (हे वाचताना मी जरा चुळबुळलो, खोटं कशाला बोला.) मग ते तोफखान्यात गेले आणि तिथून त्यांची बदली झाली ती आपल्या इकडे, ब्रिटिश इंडियन आर्मीत. युद्ध संपलं तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. त्यानंतर सिंगापूरला चांगी इथल्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधिकरणावर त्यांनी काम केलं. जपानी सैन्याने युद्धकैद्यांवर आणि नागरिकांवर जे अत्याचार केले, त्यांचे खटले तिथे चालले. म्हणजे मैदानावर कोणाला बाहेर काढायचं हे ठरवण्याच्या कितीतरी आधी या माणसाने खऱ्या गुन्ह्यांचा न्याय होताना जवळून पाहिला होता.

युद्धानंतर ते परत शाळेत आणि परत मैदानावर. पुढे इलफर्डच्या न्यूबरी पार्क शाळेचे ते हेडमास्तर झाले. सोमवार ते शुक्रवार लहान मुलं, शनिवारी मोठी माणसं. शनिवारच्या वर्गात शिस्त लावणं जास्त अवघड जात असणार.

त्यांच्या कामात एक गोष्ट सारखी दिसते आणि इंजिनीअर म्हणून ती मला फार आवडली. अडचण आली की हा माणूस लोकांना लेक्चर देत बसत नाही, सिग्नल सुधारतो! त्या काळी लाइन्समनचे झेंडे घरच्या टीमच्या रंगाचे, बहुतेक फिके असायचे. इंग्लंडच्या धुक्यात ते दिसायचेच नाहीत. ॲस्टन यांनी १९४७ च्या सुमारास भडक पिवळे झेंडे आणले. रेफरीचा काळा ड्रेस आणि त्याला पांढरी पट्टी हा अवतारही लीगमध्ये पहिल्यांदा त्यांनीच घातला. पुढे १९७४ मध्ये बदली खेळाडूचा नंबर बोर्डावर दाखवायची पद्धत आली, तीही त्यांचीच. प्रत्येक वेळी मुद्दा तोच. निर्णय झालाय ना, मग तो शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळला पाहिजे.

आता येऊ त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दुपारीकडे. २ जून १९६२, चिलेची राजधानी सँतियागो. वर्ल्ड कपची मॅच, चिले विरुद्ध इटली. वातावरण आधीच पेटलेलं होतं. दोनच वर्षांपूर्वी, १९६० मध्ये, चिलेत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला होता. आजपर्यंत मोजलेला जगातला सर्वांत मोठा. त्यातून उभं राहून या देशाने वर्ल्ड कप भरवला, आणि दोन इटालियन पत्रकारांनी सँतियागो शहराबद्दल अपमानकारक लेख लिहिले. ते चिलेच्या पेपरांतून घरोघर पोचले होते. या मॅचला आधी दुसरेच रेफरी ठरले होते. पण चिलेची स्वित्झर्लंडबरोबरची पहिली मॅच ॲस्टन यांनी छान सांभाळली होती, म्हणून ही त्यांच्याकडे आली. चांगलं काम केलं की आणखी काम मिळतं, हे फक्त आपल्या टेक फेस्टच्या कमिटीतच होत नाही.

पहिला फाऊल पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आतच झाला. पहिल्या पाव तासात इटलीच्या फेरिनीने चिलेच्या लांदाला लाथ घातली आणि ॲस्टन यांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. पण सांगितलं कसं? कार्ड तेव्हा नव्हतंच. तोंडाने सांगायचं, हाताने दरवाजा दाखवायचा. रेफरी इंग्रज, खेळाडू इटालियन, समोरची टीम स्पॅनिश बोलणारी, आणि स्टेडियममध्ये कान फाटेल असा आरडाओरडा. फेरिनी जाईचना. शेवटी पोलिसांनी त्याला ओढत नेला.

पुढे चिलेच्या लिओनेल सांचेझने इटलीच्या डेव्हिडला ठोसा मारला. सांचेझचे वडील बॉक्सर होते, आणि ठोसाही तसाच होता. त्याला ॲस्टन यांनी बाहेर काढलं नाही. थोड्या वेळाने डेव्हिडने हवेत उडी मारून सांचेझच्या डोक्याच्या उंचीला लाथ घातली. डेव्हिड मात्र बाहेर! याच सांचेझने पुढे इटलीच्या मास्कियोचं नाक मोडलं. तरीही तो आत. पोलीस पुन्हा पुन्हा मैदानात आले. इटलीचे नऊ जण उरले आणि चिले २-० ने जिंकलं. जग या मॅचला सँतियागोची लढाई म्हणतं.

हा भाग मी तीनदा वाचला. ठोसा बसला तेव्हा आपली नजर दुसरीकडे होती आणि लाइन्समननेही काही सांगितलं नाही, अशी बाजू ॲस्टन यांनी पुढे मांडली. पण फिल्म होती. काही दिवसांनी ती इंग्लंडमध्ये टीव्हीवर लागली आणि घरी चहा पीत बसलेल्या माणसांनाही जे दिसलं, ते रेफरीला दिसलं नव्हतं. त्यांच्यावर भरपूर टीका झाली. त्या वर्ल्ड कपमध्ये रेफरी म्हणून त्यांनी पुढे एकही मॅच घेतली नाही.

आपण असतो तर काय केलं असतं? मी असतो तर शिट्टी माळ्यावर टाकली असती. ॲस्टन यांनी पुढच्याच वर्षी, २५ मे १९६३ ला, वेम्बलीवर एफए कपची फायनल घेतली, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लेस्टर सिटी. तिथे थांबून मग ते फिफाच्या रेफरी कमिटीत गेले आणि १९६६ च्या वर्ल्ड कपच्या रेफरींची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

२३ जुलै १९६६. वेम्बली. क्वार्टर फायनल, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. रेफरी जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. त्यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन रात्तिन याला पहिल्या हाफमध्ये बाहेर काढलं. रात्तिनला जर्मन येत नव्हतं, क्राइटलाइनना स्पॅनिश येत नव्हतं. मला दुभाषा द्या, असं रात्तिन खुणा करून सांगत राहिला. मॅच कित्येक मिनिटं बंद. शेवटी ॲस्टन स्वतः साइडलाइनवर गेले आणि समजूत काढायला लागले. चार वर्षांपूर्वीचीच सीडी पुन्हा लागल्यासारखं त्यांना वाटलं असेल.

इंग्लंड १-० ने जिंकलं. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. पेपरात आलं की इंग्लंडच्या चार्लटन बंधूंनाही, बॉबी आणि जॅक दोघांनाही, रेफरीने ताकीद दिली होती. स्वतः खेळाडूंनाच पत्ता नाही! इंग्लंडचे मॅनेजर आल्फ रॅम्झी यांनी फिफाकडे विचारणा केली. म्हणजे बघा, लाखभर प्रेक्षकांसमोर शिक्षा झाली आणि ती ज्याला झाली त्यालाच कळली नाही.

वेम्बलीहून परतताना ॲस्टन कार चालवत होते आणि डोक्यात हेच चाललं होतं. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल लागला. पिवळा, मग लाल. आणि त्यांना सुचलं. पिवळा म्हणजे जरा बेतानं, लाल म्हणजे थांब, तुझं काम संपलं. याला दुभाषा लागत नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिने आत जाऊन खिशात मावतील असे दोन रंगीत कागद कापून आणले, असं सांगतात.

इथे पुणेकर म्हणून एक कबुली द्यायलाच हवी. ॲस्टन पुण्यात राहत असते तर हा शोध लागलाच नसता. नळ स्टॉपच्या सिग्नलला पिवळा लागला की आपण ॲक्सिलरेटर पिळतो, आणि लाल लागला की आधी मामा कुठे उभे आहेत ते बघतो. त्यावरून कार्ड निघालं असतं, तर लाल कार्ड बघून खेळाडू उलट जोरात पळाला असता!

असो. कार्ड पहिल्यांदा वापरात आली ती १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये. ३१ मे ला मेक्सिको आणि सोव्हिएत युनियनच्या पहिल्याच मॅचमध्ये यलो निघालं. पण त्या अख्ख्या स्पर्धेत एकालाही बाहेर काढावं लागलं नाही, रेड कार्ड खिशातच राहिलं. वर्ल्ड कपमधलं पहिलं रेड कार्ड दिसलं १४ जून १९७४ ला. तुर्कस्तानचे रेफरी दोआन बाबाजान यांनी ते दाखवलं कार्लोस कास्सेली या खेळाडूला, आणि त्याचा देश होता... चिले! सँतियागोत ज्या टीमचा एकही खेळाडू बाहेर गेला नव्हता, तीच.

आणखी एक विनोद. ज्या इंग्लंडच्या माणसाने हे शोधलं, त्या इंग्लंडच्या लीगमध्ये कार्ड आली १९७६ मध्ये. १९८१ मध्ये ती बंद केली आणि १९८७ मध्ये परत आणली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते लंडनलाही लागू आहे.

ॲस्टन नंतर बरीच वर्षं अमेरिकेत जाऊन तिथल्या मुलांच्या फुटबॉल संघटनेसाठी रेफरी तयार करत राहिले. शिकायला कोण, तर बहुतेक खेळणाऱ्या पोरांचे आईवडील. १९९७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई दिलं. २३ ऑक्टोबर २००१ ला, ८६ व्या वर्षी, ते गेले. हेडमास्तर, कर्नल, रेफरी, पण जग त्यांना ओळखतं ते पत्त्याएवढ्या दोन कागदांमुळे. खरं म्हणजे बहुतेक जग ओळखतही नाही. मेसमध्ये मी विचारलं तेव्हा एकालाही नाव माहीत नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझी इथे पंचाईत झाली.

मला वाटलं होतं, रेफरीने यलो दाखवलं म्हणजे विषय संपला, असं म्हणायला ॲस्टन माझ्या कामाला येतील. पण त्यांचं आयुष्य वाचल्यावर लक्षात आलं की कार्डाने एकच भांडण मिटवलं. रेफरी काय म्हणाला, हे. तो बरोबर म्हणाला का, हे भांडण त्या कागदाने मिटत नाही आणि मिटवायचा दावाही कधी केला नाही. सँतियागोत ॲस्टन यांच्या खिशात दोन्ही कार्ड असती तरी न दिसलेल्या ठोशाला त्यांनी कुठलं दाखवलं असतं? १९८२ च्या सेमीफायनलमध्ये जर्मनीचा गोलकीपर शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला, बातिस्तों बेशुद्ध पडला, दात तुटले. कार्ड होती, पण रेफरीने साधा फाऊलही दिला नाही. २०१० च्या फायनलमध्ये डी योंगने अलोन्सोच्या छातीवर बूट ठेवला. यलो.

आणि एक केस तर जणू माझ्यासाठीच घडली होती. ३ नोव्हेंबर २०१९, एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम. सन ह्युंग-मिनने आंद्रे गोमेशला मागून पाडलं. रेफरी मार्टिन ॲटकिन्सन यांनी यलो काढलं. मग गोमेशच्या घोट्याची अवस्था दिसली, आणि यलोचं रेड झालं. सन स्वतः मैदानात रडत होता. अपिलात ते रेड रद्द झालं. म्हणजे एकाच फाऊलला तीन निर्णय! तोवर व्हिडिओ रेफरीही आला होता, तरीही.

या केसने यलो पक्षाला जोर यायला हवा होता. दुखापत झाली म्हणून रेड होत नाही, हे आम्ही म्हणतच होतो. पण नियम नीट वाचला आणि तोच आमच्यावर उलटला. नियम तीन पायऱ्या सांगतो. निष्काळजीपणे केलेला फाऊल, त्याला कार्ड नाही. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता केलेला, त्याला यलो. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून, समोरच्याचा पाय धोक्यात घालून केलेला, त्याला रेड. पाय मोडला का, हे नियम विचारत नाही. बॉलसाठी गेला होतास का, एवढ्यावरही तो सोडत नाही. बॉलसाठी जातानाही जोर तेवढा असेल तर रेडच. शेवटचा डिफेंडर होतो की नाही, तो प्रश्न गोलची संधी हुकवण्यासाठी आहे, माझ्या फाऊलसाठी नाही. मिठाची डबी, लोणच्याची बाटली, सगळं टेबलावरून पुसलं गेलं. उरला एकच प्रश्न. जोर किती होता?

आणि ते मला माहीत होतं.

तो मला चकवून गेला तेव्हा बॉल माझ्या पायापासून चांगला दीड-दोन फूट लांब होता. मला बॉल मिळणार नाही हे मला स्लाइड मारायच्या आधी कळलं होतं. त्याला मोडायचं नव्हतं, शपथ. पण थांबवायचं होतं, आणि त्यासाठी मी होता नव्हता तेवढा जोर लावला. रेफरी सर माझ्या मागच्या बाजूला होते. त्यांना माझी पाठ दिसली. त्यांनी दिसलं त्याचं कार्ड दिलं, त्यांची काहीच चूक नाही. जे दिसलं नाही ते फक्त मला माहीत होतं, आणि मी तीन आठवडे मेसमध्ये त्याच्यावर लोणच्याची बाटली फिरवत होतो.

ॲस्टन यांचं नाक सँतियागोत जगासमोर कापलं गेलं होतं. त्यांना दोष दुसऱ्यावर टाकून गप्प बसता आलं असतं. ते आपली बाजू मांडत राहिले हे खरं, पण त्याच वेळी ते अशी गोष्ट शोधायच्या मागे लागले की पुढच्या रेफरीवर ती पाळी येऊ नये. मला काही शोधायचं नव्हतं. मला फक्त कोथरूडला जायचं होतं.

एका रविवारी गेलो. काकूंनी दार उघडलं, कधी आलास, सबमिशन झालं का, असं सगळं नेहमीसारखं विचारलं आणि पोहे टाकायला आत गेल्या. तो पलंगावर, पाय उशीवर, मांडीवर जर्नल. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तो रेड होता. त्याने वर न बघता सांगितलं की पडतानाच त्याला ते कळलं होतं. मग जरा थांबून म्हणाला की फाऊलचं त्याला फारसं वाटलं नव्हतं, फायनल होती, होतं असं. पण मी मेसमध्ये रोज रात्री लेक्चर देतोय हे त्याला सिव्हिलच्या पोरांकडून कळत होतं, आणि त्याला आलेला राग त्याचा होता. इतके दिवसांत मी एकदाही त्याला विचारलं नव्हतं की त्याचं मत काय आहे.

यावर मी काय बोलणार? पोहे आले. ते खाल्ले. त्यानंतर त्याने दोन जर्नलं माझ्यापुढे सरकवली, त्यांतलं एक सर्व्हेइंगचं. मेकॅनिकलच्या माणसाने सर्व्हेइंगचं जर्नल उतरवणं ही शिक्षा नियमात नाही, पण मी अपील केलं नाही.

मेसमध्येही मी सांगून टाकलं. रेड पक्षाने टेबलं वाजवली. आमच्या कोल्हापूरच्या स्टॉपरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी पेठ सोडून दुसऱ्या तालमीत गेलो. रेफरी सरांनाही जाऊन भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी रेफरीचा कोर्स करणार का, असं विचारलं. ट्रॉफी मेकच्या कपाटातच आहे. निकाल बदलत नाही, आणि बदलूही नये.

प्लॅस्टर आता निघालं आहे. रोज सकाळी मी त्याला गाडीवर घेऊन कॉलेजला येतो. पुढच्या फायनलला तो पुन्हा लेफ्ट विंगला असेल आणि मी बहुतेक त्याच्यासमोर राइट बॅकला. नाहीतर मधोमध, शिट्टी घेऊन. सरांच्या कोर्सचा फॉर्म मी आणून ठेवला आहे, अजून भरलेला नाही. आधी सर्व्हेइंगचं जर्नल संपवायचं आहे.